सासीच्या खांबावरचं पाखरू

"सकाळी धबधबा, दुपारी सागूच्या पिठाची भाकरी, संध्याकाळी बांबूच्या बासऱ्या," दोल्फीने बेत जाहीर केला. "पाहुण्यांची मुलं दमून जातील आणि आपल्याला चॉकलेटं मिळतील."

"बासरी तू वाजवणार असशील तर चॉकलेटं नाही, चपला मिळतील," योसिना म्हणाली.

लेहारी गावात दर सुट्टीत हेच चाले. खाडीपलीकडच्या रिसॉर्टमध्ये पाहुणे उतरत आणि त्यांच्या मुलांना गाव दाखवायचं काम आपोआप या तिघांकडे येई. बारा वर्षांची योसिना यांची पुढारी. दोल्फी तिचा चुलतभाऊ. बोलण्यात पटाईत, बाकी कशात पटाईत आहे ते अजून कळायचं होतं. तिसरा मेसाख. तो फार कमी बोले, कारण दोल्फी शेजारी असताना दुसऱ्या कुणाची पाळीच येत नसे.

बेत पुरा व्हायच्या आत किनाऱ्यावर गलका झाला. तिघं धावत गेली, तर चार माणसं योसिनाच्या पप्पांची होडी ओढत वाळूवर आणत होती. बाजूला काठी टेकून ओपा एलियास उभे होते. ओपा म्हणजे आजोबा. ते सगळ्या गावाचेच आजोबा होते आणि समुद्राचे राखणदारही.

"योपी, काल सकाळी तुझी होडी सासीच्या पाण्यात होती," ओपा म्हणाले. "दोघांनी लांबून पाहिली."

"होती," पप्पा म्हणाले. "पण काळ्या टोकापाशी खांबच नव्हता, ओपा. खांब वाळूच्या बेटावर होता. मला वाटलं, तुम्ही हद्द बदललीत. म्हणून मी पाहुण्यांना बेटाऐवजी टोकापलीकडे नेलं."

"मी आत्ताच किनाऱ्यावरून बघून आलो. खांब टोकापाशी होता तिथेच आहे. बेटावर काडीसुद्धा नाही."

कालचे पाहुणे दुपारच्या बोटीनेच निघून गेले होते, त्यामुळे पप्पांच्या बाजूने बोलायला कुणी नव्हतं.

सासी म्हणजे समुद्राला दिलेली विश्रांती. समुद्रात घुसलेल्या काळ्या टोकापलीकडचे शंख-शिंपले, मासे, सगळं वर्षभर तसंच ठेवायचं. कुणी हात लावायचा नाही, होडी घालायची नाही. टोकापाशी समुद्रात एक खांब रोवायचा आणि त्याला नारळाची कोवळी पिवळी पानं बांधायची. पानं दिसली की लेहारीचा कुठलाही माणूस, मग तो कितीही घाईत असो, होडी वळवतो. वर्ष संपलं की सासी उघडते आणि सगळं गाव एकदम पाण्यात उतरतं. आता ते उघडायला थोडेच दिवस राहिले होते, आणि नेमकी आत्ताच योपीने सासी मोडली, असं सगळे म्हणत होते.

"शनिवारी सकाळी चावडीवर निकाल होईल," ओपा म्हणाले. "तोवर होडी उलटी राहील. दोष ठरला तर पुढची सासी उघडेपर्यंत ती पाण्यात जाणार नाही."

म्हणजे आणखी एक वर्ष. पण पप्पांना होडीपेक्षा दुसरंच लागलं होतं. घरी आल्यावर ते पायरीवर बसले आणि फाटकं नसलेलं जाळं उगाच शिवत राहिले. "मी खोटं बोललो नाही," एवढंच ते दोनदा म्हणाले. आईने त्यांच्यापुढे कॉफी ठेवली. ती तशीच निवून गेली.

योसिनाला खूप वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे वाटलं, की तिला स्वतःलाही पुरती खात्री नव्हती. खांब काय चालत बेटावर जातो आणि चालत परत येतो? तिला आपलाच राग आला. "चला," ती दोघांना म्हणाली. "जवळ जाऊन बघू या."

मेसाखच्या घरची लहान डोंगी घेऊन तिघं टोकापर्यंत गेली आणि खांबाच्या अलीकडेच थांबली. खांब सरळ होता, पानं बांधलेली होती. दोल्फी म्हणाला, "झालं? हा काही बोलणार नाही. मी याच्या जागी असतो तर एव्हाना सगळं सांगितलं असतं."

"तू खांब असतास तर माशांनी गाव सोडलं असतं," योसिना म्हणाली.

मेसाखने मात्र वल्ह्याने डोंगी हळूच फिरवली. आता खांबाची समुद्राकडची बाजू दिसू लागली. "तिथे पाखरू आहे," तो म्हणाला.

खरंच होतं. एक पान उभं चिरून, त्याच्या पट्ट्या एकमेकींत गुंफून कुणीतरी चोच आणि शेपटीसकट छोटं पाखरू विणलं होतं. ओपा पानं नुसती बांधून सोडून देत, वाऱ्यावर फडफडतील अशी. पाखरंबिखरं करायला त्यांना कधी वेळ नव्हता आणि तसा स्वभावही नव्हता.

"ओपांना सांगू या, आत्ताच," दोल्फी वल्हं उचलत म्हणाला.

"थांब जरा. आपण सांगितलं तर लोक काय म्हणतील? योपीच्या मुलीनेच जाऊन पाखरू लावलं म्हणतील," योसिना म्हणाली. "नुसतं पाखरू दाखवून चालणार नाही. ते विणणारा माणूस शोधायला हवा."

तो शोधायला फार लांब जावं लागलं नाही. संध्याकाळी बासऱ्या वाजवायला तिघं रिसॉर्टमध्ये गेली आणि मांडवाच्या दारातच योसिना थबकली. सरबताच्या टेबलावर तशीच पाखरं ओळीने टांगली होती. खाली एक हसतमुख माणूस मांडीवर पानं घेऊन आणखी विणत बसला होता.

"हे मास सुगेंग, म्हणजे सुगेंगदादा," स्वयंपाकघरातल्या बाईंनी सांगितलं. "याच महिन्यात जावाहून आलेत. लग्नाची सजावट करतात. कालही बेटावर एक लग्न होतं."

बासऱ्या संपल्यावर तिघं त्यांच्या भोवती जाऊन बसली. "मास, आम्हाला शिकवाल?" योसिनाने विचारलं.

सुगेंग खूश झाले. बघता बघता त्यांनी तिच्या हातात पाखरू ठेवलं. चोच तीच, शेपटीही तीच.

"काल वाळूच्या बेटावर लग्न झालं ना, तिथेही तुमचीच सजावट होती?" दोल्फीने अगदी भोळेपणाने विचारलं.

"माझीच. आदल्या दिवशीच खांब रोवून ठेवले होते, त्यांची पानं आणि खुर्च्या मात्र लग्नादिवशी दुपारी आल्या. एक खांब कमी पडला म्हणून त्या टोकापाशी समुद्रात एक होता तो आणला. पानं बांधलेला तयारच होता, मी फक्त एक पाखरू लावलं. आणि लग्न झाल्यावर संध्याकाळी जिथल्या तिथे नेऊन रोवला, बरं का. दुसऱ्याची वस्तू ठेवून घ्यायची सवय नाही आपल्याला."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. हा माणूस चोर नव्हता. चांगुलपणानेच त्याने सगळा घोळ घातला होता.

"मास, तुमच्याकडे अशा खांबाचा अर्थ काय?" योसिनाने विचारलं.

"आमच्याकडे लग्नघरासमोर हाच लावतात. लांबून पिवळी पानं दिसली की पाहुणे ओळखतात, इकडे लग्न आहे, इकडे या."

"आमच्याकडे तो खांब सांगतो, इकडे येऊ नका." आणि तिने पप्पांची सगळी हकीकत सांगितली.

सुगेंगच्या हातातलं पान खाली पडलं. "म्हणजे माझ्यामुळे एका माणसाला गाव खोटा म्हणतंय?" ते उठून तडक मॅनेजरच्या खोलीकडे गेले, आणि थोड्याच वेळात मान खाली घालून परत आले. मॅनेजर पाक लुकमान, म्हणजे लुकमानसाहेब, म्हणाले होते की गावाचं भांडण गावाने बघावं. आपण कबूल केलं आणि गावाने समुद्र कायमचा बंद केला तर पाहुण्यांना दाखवायचं काय? आणखी दोन लग्नं आहेत, तोवर सुगेंगने फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

"नोकरी गेली तर जाऊ दे, मी येतो," सुगेंग म्हणाले.

"नोकरी कशाला घालवता?" दोल्फी म्हणाला. "पाक लुकमानच तुम्हाला घेऊन येतील. आणि वर माझे आभार मानतील."

योसिनाने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोक्यात काय शिजतंय ते तिच्या लक्षात आलं आणि पहिल्यांदाच त्याच्या बडबडेपणाचं तिला कौतुक वाटलं.

पाक लुकमानांची एक दुखरी जागा सगळ्यांना ठाऊक होती. स्वागतकक्षातल्या फळ्यावर ते रोज पाहुण्यांसाठी कार्यक्रम लिहीत: धबधबा, लवंगांची बाग, प्रवाळ. नवीन काही सुचलं नाही की दिवसभर चिडलेले असत. दोल्फी हात मागे बांधून त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"पाक, शनिवारी सकाळी आमच्या चावडीवर सगळं गाव जमणार आहे. सगळी वडीलधारी माणसं ठेवणीतल्या कपड्यांत येतात. तिथे पाहुण्यांना पानांचं विणकाम दाखवलं तर? गावात असं कुणाला येत नाही, पण तुमच्या मास सुगेंगना येतं."

"फोटो काढता येतील?" पाक लुकमानांनी विचारलं.

"वाटेल तितके," दोल्फी म्हणाला.

यात एकही शब्द खोटा नव्हता. योसिनाने ते मुद्दाम तपासून पाहिलं होतं. पाक लुकमानांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात फळ्यावर लिहिलं: 'शनिवार. गावची चावडी. कोवळ्या पानांची गोष्ट सांगणार मास सुगेंग.' आणि दोल्फीला एक चॉकलेटही दिलं.

शनिवारी चावडी भरून गेली. पप्पा मधोमध उभे होते. आई भिंतीला टेकून बसली होती, आणि कालपर्यंत घरी येणारे शेजारी तिच्याकडे न बघता पुढे जात होते. ओपा एलियास बोलायला उठले, तेवढ्यात टोप्या घातलेले, कॅमेरे लटकवलेले पाहुणे आत आले. पुढे पाक लुकमान होते आणि मागे सुगेंग.

"आज पाहुण्यांचं काय काम?" ओपांनी विचारलं.

योसिना उभी राहिली. "ओपा, पप्पांचा निकाल द्यायच्या आधी यांचं ऐका. मग आम्हाला काय बोलायचं ते बोला."

"हा तर विणकामाचा..." पाक लुकमान म्हणाले.

"पाक, फळ्यावर तुम्हीच लिहिलंय, पानांची गोष्ट मास सुगेंग सांगणार," योसिना म्हणाली. "तीच सांगतायत ते."

सुगेंग पुढे आले. ते रडवेले झाले होते, पण काहीही न लपवता त्यांनी सगळं सांगितलं: लग्न, कमी पडलेला खांब, तो आणला कसा, नेला कसा. मेसाखने ओपांपुढे पाखरू ठेवलं. "असंच तिथे खांबावर आहे. समुद्राच्या बाजूला," तो म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच होतं. काहीच न कळलेल्या पाहुण्यांनी उत्साहाने टाळ्या वाजवल्या. गावातलं कुणी हसलं नाही.

ओपांनी पाखरू हातात घेऊन फिरवून पाहिलं. मग ते पप्पांकडे वळले. "खांब उभा आहे एवढंच मी लांबून पाहिलं, योपी. पानं पाहिलीच नाहीत. तू बेटावर पानं पाहिलीस आणि होडी वळवलीस, म्हणजे सासी पाळणारा तूच, आणि दोषी ठरवत होतो तुला. चुकलं माझं."

ओपांनी कुणापुढे चूक कबूल केलेली गावाने कधी ऐकली नव्हती. आईने पदर नसल्याने बाहीनेच डोळे पुसले.

पाक लुकमान हळूच दाराकडे सरकत होते. "साहेब, जरा थांबा," ओपा म्हणाले. "समुद्र आम्ही बंद करत नाही. पण सासी उघडेल त्या दिवशी तुम्ही आणि हे मास, दोघं शंखांच्या टोपल्या वाहायला या. आमच्याबरोबर भिजलात की हे पान काय सांगतं ते पक्कं लक्षात राहील."

"येऊ," सुगेंग लगेच म्हणाले. पाक लुकमानांनाही हो म्हणावं लागलं, कारण एव्हाना पाहुणे त्यांचे फोटो काढत होते.

"आणि खांब आजच नव्याने रोवायचा," ओपा पुढे म्हणाले. "तो कुणाच्याही होडीतून जात नाही. ज्याच्या शब्दावर गावाचा विश्वास असतो, त्याच्याच होडीतून जातो. योपी, होडी काढ. ही तिघंही बरोबर येऊ देत. राखणदाराला असे डोळे लागतात, माझे आता म्हातारे झाले."

पप्पांनी मान हलवली आणि ते किनाऱ्याकडे इतक्या भराभर चालत सुटले, की बाकीच्यांना पळावं लागलं. होडी सरळ करायला अख्खं गाव आलं. ढकलायला हात जास्त आणि होडी लहान अशी गत झाली.

काळ्या टोकापाशी ओपांनी नवीन पानं बांधली आणि खांब योसिनाच्या हातात दिला. पप्पा शेजारी कंबरभर पाण्यात उभे राहून खांबाच्या बुंध्याशी दगड रचत होते.

"तुला पहिल्यापासून माझं खरं वाटलं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

खोटं सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. "नाही," ती म्हणाली. "खरं वाटावं असं फार वाटत होतं. म्हणून बघायला आले."

पप्पांनी ओल्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं. "बरं केलंस," ते म्हणाले. "आता नीट धर, खांब हलतोय."

योसिनाने दोन्ही हातांनी खांब घट्ट धरला, आणि पप्पांनी शेवटचा दगड बसवला.