‘दुसरी पाळी’चा खोटा अंक

पोरगी दारात थांबली आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाली, "मी लिहिलेलं न्हाय ते. पण सगळी म्हणत्यात, तूच लिहिलंस."

मृत्युंजय हिरेमठनं चहाची बशी खाली ठेवली. राजारामपुरीतल्या त्या जिन्याखालच्या ऑफिसात माणसं यायची ती बहुतेक लग्नाच्या चौकशीला. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं जमलं होतं का, असली कामं. गडहिंग्लजची कारकुनी सोडून तो इथं आला तेव्हा त्याला वाटलं होतं, काय काय भानगडी बघायला मिळतील! कसल्या भानगडी नि कसलं काय. पण ही पोरगी लग्नाच्या चौकशीची दिसत नव्हती.

"आधी बस," संयोगिता खराडे म्हणाली. हे डिटेक्टिव्ह ऑफिस तिचं, मृत्युंजय तिचा मदतनीस. "पाणी घे. आणि काय लिहिलेलं नाहीस, ते दाखव."

पोरीचं नाव सुष्मिता मगदूम. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत स्टोअरला कामाला. तिनं पिशवीतनं तळहाताएवढी दोन पुस्तकं काढून टेबलावर ठेवली.

"ह्याला झीन म्हणत्यात. घरात करायचं मासिक. एका कागदावर हातानं लिहायचं, चित्रं चिकटवायची, झेरॉक्स मारायची, मधे एक काप द्यायचा आणि घडी घालायची. आठ पानांचं पुस्तक होतंय. आमच्या झीनचं नाव ‘दुसरी पाळी’. फौंड्रीतल्या माणसांचंच सगळं लिहायचो."

"लिहायचो म्हणजे अजून कोण?"

"चित्रं कृष्णात काढायचा. कृष्णात चौगुले. भट्टीवर होता. गेला तो. वितळलेलं लोखंड घेत्यात ते भांडं असतंय बघा, लॅडल. ते आधी बर्नरनं तापवून कोरडं करावं लागतंय. त्या दिवशी ते ओलं होतं. लोखंड उसळलं आणि त्याच्या अंगावर आलं."

"अरेरे," मृत्युंजय म्हणाला.

कृष्णात गेल्यावर सुष्मितानं त्याच्या चित्रांचा अंक काढला. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: पुढच्या अंकात, लॅडल ओलं का राहिलं? सुपरवायझर विजयसिंह मोहित्यांनी गेटवरच सगळ्या प्रती गोळा केल्या. घडी घातलेल्या दोनच उरल्या. एक मोहित्यांनी ठेवून घेतली. दुसरी सुष्मितानं कृष्णातच्या आईला आधीच नेऊन दिली होती. टेबलावरचा खरा अंक तिनं दाखवायला म्हणून कालच मूळ कागदावरनं नव्यानं करून आणला होता.

"आणि मग हा दुसरा अंक चहाच्या टपरीवर आला," ती म्हणाली. "कव्हर माझंच. आत मात्र टाईप केलेल्या पट्ट्या. कृष्णात पिऊन कामावर यायचा, त्या दिवशीबी प्यालेला होता, चूक त्याचीच. तो आयुष्यात कधी प्याला न्हाय ओ! कृष्णातची आई, चिमणामावशी, माझ्या दारात आली. ‘माझं मेलेलं पोर बी सोडलं न्हाईस व्हय गं?’ म्हणाली. सगळी गल्ली बघत हुती."

"पोलिसात जायचं?" मृत्युंजयनं विचारलं.

"नको. मावशी मला लेकीसारखी वागवायची. तिला तेवढं कळू दे, की मी न्हाय ते."

संयोगितानं दोन्ही अंक शेजारी शेजारी ठेवले. मृत्युंजयही वाकला. खोट्या अंकाच्या कव्हरवर कोपऱ्यात अंगठ्याएवढा काळपट डाग छापलेला होता. खऱ्यावर तो नव्हता. खोट्यात घडीच्या बाजूला एक बारीक करडी रेघही दिसत होती.

"मशीनची काच घाण असणार," तो म्हणाला. "आणि घडी काय धड घातलेली नाही."

"असेल," संयोगिता म्हणाली. ती असं ‘असेल’ म्हणाली की आपलं चुकलंय, एवढं त्याला आता कळत असे. काय चुकलंय ते कधीच कळत नसे.

"मूळ कागद कुठाय?"

सुष्मितानं प्लास्टिकच्या फोल्डरमधून एक सपाट कागद काढला. वरची चार पानं उलटी, खालची चार सुलटी. "ह्याला मी कधी घडी घालत न्हाय. खराब होतोय."

"चिकटवतेस कशानं?"

"गोंदाच्या कांडीनं. कृष्णात घरात कणकेची खळ शिजवायचा. मी त्याला हसायची."

एवढं बोलून ती रडायला लागली. मृत्युंजयनं तिच्यापुढं स्वतःचा चहा सरकवला. तो गार झाला होता, हे त्याला मागाहून आठवलं.

*

शिरोली नाक्यावरचा झेरॉक्सवाला बाळाप्पा दुकानात एका गिऱ्हाइकावर खेकसत होता. "लाल पेनानं कशाला लिवून आणलाय? लाल काळं उठतंय, पिवळं तर उठतच न्हाय! कितींदा सांगू?" मग ह्या दोघांकडं वळून, "काय पावणं, काय पायजे?"

संयोगितानं खोटा अंक पुढं केला. बाळाप्पानं तो हातातही घेतला नाही.

"माझ्या मशीनवरचा न्हाय त्यो. मोहितेसाहेब येऊन दम देऊन गेल्यात, पोरीचं काम घेतलंस तर कंपनीची कामं बंद. मला बी पोरंबाळं हायत की." मग जरा खालच्या आवाजात, "पोरगी गुणाची हाय. तिच्या अंकाचे वाया गेलेले कागद बी टाकवंना मला. ह्ये बघा."

त्यानं खणातून चार-पाच कागद काढले. फिके, तिरके उठलेले, पण सगळे सपाट. न कापलेले, न दुमडलेले.

"ह्यालाच दम दिला होता," बाहेर आल्यावर मृत्युंजय म्हणाला. "मोहित्यांच्या धाकानं ह्यानंच केलं असणार."

"हिरेमठ, तुम्ही कागद बघितलेत ना?"

"बघितले की."

"मग झालं," संयोगिता म्हणाली आणि रिक्षा थांबवली.

विजयसिंह मोहित्यांच्या केबिनमध्ये भट्टीचा धूर काचेवर बसला होता. गडी धिप्पाड, आवाज त्याहून मोठा. त्यांनी फाईल आपटून उघडली. त्यात त्यांची प्रत होती. तक्रारीच्या कागदाला दोन जाड पिना मारून घट्ट बसवलेली, कव्हर मधोमध भोसकलेलं.

"आली त्याच दिवशी लावली हितं. बाकीच्या टाकल्या भट्टीत. आणि पोरीला गप करायचं असतं तर दुसऱ्याच दिवशी गेटवर थांबवली असती. असली कात्री-गोंदाची कामं मी करतोय व्हय?"

"लॅडल तापवायचं काम त्या दिवशी कुणाकडं होतं?"

मोहिते पहिल्यांदाच हळू बोलले. "चौकशी चालू हाय. वरनं सांगितलंय, बोलायचं न्हाय." आणि त्यांनी फाईल मिटली. ह्या माणसाला कशाची तरी भीती वाटतेय, असं मृत्युंजयला वाटलं. मग हाच चोर, हेही त्यानं मनात पक्कं करून टाकलं.

*

गडमुडशिंगीला चौगुल्यांचं घर रस्त्याला लागूनच होतं. दारात मोटारसायकल, तिच्या हँडलवर गुलालाचं बोट. विजेच्या मीटरला गुलाल, भिंतीवरच्या कॅलेंडरला गुलाल. कोल्हापुरात जोतिबाचा गुलाल कुणाच्या डोळ्यात भरतोय? मृत्युंजयनं तिकडं बघितलंही नाही.

चिमणाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. धाकटा मुलगा, सम्राट, आतल्या दाराला रेलून उभा होता. तोही त्याच फौंड्रीत, भावाच्याच पाळीला. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली.

"झालं की आता," तो म्हणाला. "कशाला उकरून काढताय?"

"त्या पोरीनं धाडलंय व्हय तुमास्नी?" चिमणाबाई म्हणाल्या. "पैला अंक आणून दिला तवा मी तिच्या तोंडावरनं हात फिरवला ओ. पोराचं नाव छापलंय म्हणून गुलाल लावून देवापाशी ठेवला. आन तिनंच असं करावं?"

देव्हाऱ्यात कृष्णातच्या फोटोशेजारी तो छोटा अंक होता. कव्हरच्या कोपऱ्यात गुलाबी अंगठा. कडेनं मुंग्यांची रांग चालली होती.

"साखर ठेवता वाटतं?" संयोगितानं विचारलं.

"कुठली साखर! पोर गेल्यापासनं घरात गोड आणलं न्हाय. तरी मुंग्या येत्यात मेल्या."

संयोगितानं विचारून अंक हातात घेतला, आतली पानं बोटानं चाचपली आणि मृत्युंजयपुढं धरली. आतला कागद खरखरीत झाला होता, जागोजागी पापुद्रा निघाला होता.

"तुम्ही वाचता का हे?"

"मला कुठलं वाचाय येतंय? सम्राटनं वाचून दाखवलं. चांगलं बी त्यानंच, वाईट बी त्यानंच."

संयोगितानं अंक परत देव्हाऱ्यात ठेवला आणि म्हणाली, "हिरेमठ, सुष्मिताला इथं घेऊन या."

*

सुष्मिता आली, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. चिमणाबाईंनी तोंड फिरवलं. आभाळ भरून आलं होतं, घरात दिवा लावावा लागला.

"हा खोटा अंक कशावरून केला, एवढंच मी शोधत होते," संयोगिता म्हणाली. "कव्हर सुष्मिताचंच आहे, म्हणजे खराच अंक घेऊन, आतल्या पानांवर पट्ट्या डकवून झेरॉक्स मारलीय. ही करडी रेघ बघा. ही घडी नव्हे, घडीची सावली आहे. आधीच दुमडलेला अंक उलगडून मशीनवर ठेवला, तेव्हा त्याची घडी छापली गेली. नवी घडी तिच्या शेजारी पडली."

"म्हणजे मशीनचा दोष नव्हे?" मृत्युंजय म्हणाला.

"नव्हे. सुष्मिताकडं मूळ कागद आहे, सपाट. बाळाप्पाकडंही सपाटच कागद आहेत. त्यांना दुमडलेला अंक घ्यायची गरजच नव्हती. तेव्हा दुमडलेल्या प्रती दोनच होत्या. मोहित्यांच्या प्रतीचं कव्हर पिनांनी भोसकलंय. त्या भोकांची खूण ह्या कव्हरवर नाही."

तिनं देव्हाऱ्यातला अंक उचलून खोट्या अंकाशेजारी धरला. काळा डाग आणि गुलाबी अंगठा. जागा तीच, आकार तोच.

"लाल-गुलाबी रंग झेरॉक्सवर काळा उठतो. भंडारा लावला असता तर पिवळा म्हणून उठलाही नसता. पण आईनं लावला गुलाल. ज्यानं हे केलं त्याला तो दिसला असणारच. पण ह्या घरात मीटरलाही गुलाल आहे, गाडीलाही आहे. रोजचं झालेलं माणसाच्या नजरेत येत नाही. अंक देव्हाऱ्यात परत ठेवायचा होता, नाहीतर आईला चुकल्यासारखं झालं असतं. म्हणून आतल्या पट्ट्या ओरबाडून काढल्या, त्याचे हे पापुद्रे. गोंद असता तर मुंग्या आल्या नसत्या. कणकेची खळ होती. ती कृष्णात ह्याच घरात शिजवायचा, म्हणजे ती ह्या घरातल्या माणसाच्याच हाताशी. आणि घरात आईशिवाय एकच माणूस आहे."

मृत्युंजयला एकदम वाटलं, मोहित्यांचंच नाव निघालं असतं तर किती बरं झालं असतं.

"सम्राट," सुष्मिता दारातूनच म्हणाली. "तू?"

सम्राट खाली बसला. भिंतीला घसटत, सावकाश.

"बर्नर बंद पडलेला," तो म्हणाला. "लॅडल तापवायचं काम माझ्याकडं होतं. मोहिते बोंबलत हुते, भरा, भरा. दादानं मला विचारलं, तापलंय का रं? मी व्हय म्हटलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यानं स्वतः वाकून बघितलं असतं. मी सांगितलं म्हणून बघितलं न्हाय."

"आणि माझी ती ओळ वाचलीस," सुष्मिता म्हणाली.

"तू सगळ्यांना विचारत फिरत हुतीस. कोणतरी सांगणारच. म्हटलं तुझ्या अंकावरचा विश्वासच गेला तर... दादा तर गेलाच हुता. त्याला आता काय फरक पडणार, असं वाटलं मला. कागलात जाऊन झेरॉक्स मारली."

"आणि आईला वाचून दाखवलंस," मृत्युंजयच्या तोंडून गेलं. त्याला ते बोलायचं नव्हतं.

"तिच्या हातात कुणीतरी आणून दिला. वाच म्हणाली. काय करू?"

चिमणाबाई उठल्या. त्यांना उठायला वेळ लागला, पण कुणाची हात द्यायची छाती झाली नाही. त्यांनी संयोगिताच्या हातातला गुलाल लावलेला अंक घेतला, पदरानं मुंग्या झटकल्या आणि उंबऱ्यापाशी गेल्या.

"पोरी, आत ये," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं."

सुष्मिता आत आली आणि त्यांच्या गळ्यात पडली. दोघी रडत होत्या. सम्राटकडं कुणी बघत नव्हतं. मृत्युंजयला वाटलं, चला, निदान एवढं तरी निस्तरलं.

मग चिमणाबाईंनी डोळे पुसले. "म्होरला अंक काढ. लॅडल ओलं का ऱ्हायलं, ते समदं लिही. बर्नर, मोहिते, कुणाला सोडू नको. आन मला आणून दे."

"मावशी, आत्ता नको. आणि तुम्हाला कुठं वाचता येतंय?"

"सम्राट वाचून दाखवील की," चिमणाबाई म्हणाल्या. त्यांनी मागं वळूनही बघितलं नाही. "खोटं त्यानंच वाचलं माझ्याम्होरं. खरं बी त्यानंच वाचायचं."

त्यांनी अंक परत देव्हाऱ्यात ठेवला आणि दिव्याची वात पुढं सारली.