वीस आकड्यांची ओढ

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर माझा डावा पाय संपावर गेला. कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून थेट पोटरीत उतरली आणि मी कठडा धरून उभीच राहिले. लिफ्ट बंद. फिजिओथेरपीचं केंद्र अजून एक मजला वर…

"वर निघालात की खाली?" वरच्या पायरीवरून कुणीतरी विचारलं.

तोही कठडा धरून, एका पायावर उभा होता.

"वर. तुम्ही?"

"खाली निघालो होतो… दहा मिनिटं झाली असतील." तो कसनुसा हसला. "डावा?"

"डावा. तुमचा?"

"उजवा. म्हणजे दोघांत मिळून दोन पाय धड आहेत. चला, वर सोडतो."

"आणि मग तुम्हाला खाली कोण सोडणार?"

"थांबतो की!"

तो खरंच थांबला.

मी नऊ वर्षं पडदे शिवत होते. मशीनवर वाकून वाकून कंबर लाकडासारखी झाली होती. तो शहराची बस चालवायचा, अकरा वर्षं. दोघांच्याही कमरेत तीच एक नस दबलेली. फिजिओथेरपीच्या मॅडमनी आम्हाला संध्याकाळची एकच वेळ दिली, शेजारशेजारच्या चटया दिल्या.

"पाठीवर झोपा. दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर. आता खालची मांडी हातांनी छातीकडे ओढा. हळू! वीस आकडे मोजा. पायात कळ गेली तर सोडून द्यायचं, हट्ट करायचा नाही."

मी मोजायला लागले. बारापर्यंत आले आणि पापण्या जड झाल्या.

"झोपलात?" शेजारून कुजबुज.

"नाही… तेरावर आहे."

"मी केव्हाचा वीसवर आलोय. तुमच्यासाठी थांबलोय."

मान वळवली. तो माझ्याकडेच बघत होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, दाढी दोन दिवसांची. माझाही अवतार काही वेगळा नव्हता, केसांत दोऱ्याचे तुकडे तसेच. त्याने हात लांब करून त्यातला एक अलगद काढला… आणि माझे आकडे पुन्हा चुकले.

घरी आईला काळजी वाटू नये म्हणून मी हसत वावरायची. कामावर मालकीणबाईंसमोर ताठ बसायची. इथे मात्र मरगळून पडून राहिलं तरी चालायचं. तोही पडलेला असायचा. कधी कधी आम्ही बोलायचोसुद्धा नाही. दोघांचे श्वास तेवढे ऐकू यायचे.

नवव्या दिवशी तो आडवा झालाच नाही, चटईवर बसून राहिला.

"उद्या डेपोत माझी तब्येतीची तपासणी आहे," शेवटी म्हणाला. "नापास झालो तर बस सुटली. मला दुसरं काही येत नाही हो…"

"होणार नाही नापास."

"आणि झालो तर?"

दहाव्या दिवशी शेजारची चटई गुंडाळलेलीच राहिली. अकराव्या दिवशीही. बाराव्या, शेवटच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "नापास झाला तो. त्याला बसस्थानकात चौकशीच्या खिडकीवर बसवलंय. फोन केला होता मी. आता येऊन काय करू, म्हणाला. तू मात्र व्यायाम सोडू नकोस. आणि रोज वीस मिनिटं चाल."

मी तशीच बसस्थानकावर गेले. खिडकीच्या काचेमागे तो मान खाली घालून बसला होता.

"बोला, कुठे जायचंय?" वर न बघताच त्याने विचारलं.

"कुठेच नाही."

त्याने मान वर केली.

"मी आता ड्रायव्हर नाही," तो हळूच म्हणाला.

"मी बसची चौकशी करायला नाही आले. तीन दिवस एकटीनं मोजतेय. बाराच्या पुढे जातच नाही…"

"मला वाटलं, तुम्हाला आता—"

"तुम्ही नका म्हणू. तू म्हण."

तो उठला. कमरेवर हात ठेवून, दोन टप्प्यांत, तोंड वाकडं करत. खिडकीवर 'बंद'ची पाटी लावून बाहेर आला. आम्ही दोघंही दमलो होतो. उभं राहणंसुद्धा जिवावर आलं होतं.

"मॅडमनी रोज वीस मिनिटं चालायला सांगितलंय," मी म्हणाले. "येशील बरोबर?"

"किती दिवस?"

"त्या म्हणाल्या… जन्मभर."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. मी तो धरला. मग आम्ही निघालो, अगदी सावकाश.