शून्य नऊ आठ

देवाला साक्षी ठेवून सांगतो, यात पदरचं एक अक्षर नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा. मी मात्र त्या दिवसापासून कुणी नुसते आकडे मोजले तरी दचकतो.

वार बुधवार. वेळ भर दुपारची. जागा आमच्या विमान-संग्रहालयाच्या मागचा काँक्रीटचा गोल.

हो, दुपारच. भुताला रात्र लागते असं मीही समजत होतो.

आमच्याकडे ऐंशी वर्षांपूर्वीचं एक लढाऊ विमान आहे. एकट्या माणसाने बसायचं. मी आणि माझे सख्खे काका मिळून त्याची यंत्रं दुरुस्त करतो. त्या दिवशी होकायंत्र तपासायचं होतं. पद्धत सोपी आहे. विमान एकेका दिशेला तोंड करून उभं करायचं. काका लांब उभे राहून स्वतःच्या होकायंत्रावर खरी दिशा बघणार. विमानातलं होकायंत्र काय दाखवतंय ते मी आत बसून ओरडून सांगणार. फरक पडेल तो तक्त्यावर लिहायचा.

त्यासाठी वैमानिकाचं जुनं चामडी हेल्मेटही घालावं लागतं. त्याच्या कानाशी असलेल्या स्पीकरांत चुंबक असतात, त्यानेही काटा हलतो.

"रेडिओ लावू का, काका?" मी गमतीत विचारलं.

"त्या डब्यात बिस्किटं ठेव. नाहीतरी रिकामाच आहे."

खरंच होतं. सीटमागचा रेडिओ म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. दिखाव्यापुरता बसवलेला.

पहारेकऱ्याला हाताशी घेऊन आम्ही शेपटी ढकलली. विमानाचं तोंड पूर्वेला, म्हणजे नव्वद अंशांवर, आलं. पहारेकरी जेवायला गेला. मी आत चढलो, हेल्मेट घातलं. बाहेरचे आवाज दबले.

आणि कानात… खरखर.

मग एक आवाज. तरुण. दमलेला.

"एक… दोन… तीन… चार…"

दहापर्यंत मोजून आवाज थांबला.

त्या काळी वाट चुकलेला वैमानिक असाच मोजायचा. आवाज कुठून येतोय हे जमिनीवरचा माणूस यंत्रावर बघायचा आणि त्याला परतीची दिशा सांगायचा. हे मला काकांनीच शिकवलेलं. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय.

वळून पाहिलं.

काका चाळीस पावलांवर उभे. ओठ मिटलेले.

"एक… दोन… खाली नुसतं पाणी आहे. दिशा द्या. अहो, कुणीतरी दिशा द्या."



तेवढ्यात काका ओरडले, "माझ्याकडे शून्य नऊ शून्य. तुझ्याकडे किती?"

वीस वर्षांची सवय. आकडा तोंडातून निघूनच गेला.

"शून्य नऊ आठ."

कानात… कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. रडता रडता हसावं तसा.

"शून्य नऊ आठ. समजलं. देव तुमचं भलं करो."

मग काहीच नाही. खरखरसुद्धा नाही.

काका तरातरा जवळ आले. "आठ अंशांचा फरक? शक्यच नाही. खिशात काय आहे तुझ्या?"

शर्टाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर होता. पोलादी. काट्यापासून वीतभर लांब. आमच्या धंद्यात नवशिकासुद्धा ही चूक करत नाही.

मी तो बाहेर फेकला. काटा हळूहळू सरकला… आणि बरोबर नव्वदवर येऊन थांबला.

"शून्य नऊ शून्य," मी ओरडलो. "ऐकतोयस का? बाबा रे, वळ. शून्य नऊ शून्य."

"कुणाशी बोलतोयस?" काकांनी विचारलं.

सांगायला तोंड उघडलं आणि नजर खाली गेली.

हेल्मेटची वायर माझ्या मांडीवर पडली होती. कशालाच जोडलेली नव्हती. तोंडाशी माईकही नव्हता.

काकांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. कपाटातून विमानाची जुनी फाईल घेऊन आले आणि एका पानावर बोट ठेवलं.

आमच्या विमानाच्या जोडीला उडालेलं दुसरं विमान परत आलंच नव्हतं. वैमानिक तेवीस वर्षांचा. त्याचा तळ एका लहानशा बेटावर, तो भरकटला होता तिथून सरळ पूर्वेला. खाली शेवटची नोंद होती.

"वैमानिक म्हणाला, शून्य नऊ आठ, समजलं. या तळावरून त्याला कोणतीही दिशा देण्यात आलेली नाही."

"हे पान तू आधी वाचलं होतंस?"

"नाही, काका."

"मी वाचलंय. त्याला ती दिशा दिली कुणी, हा प्रश्न मला इतकी वर्षं पडलाय." त्यांनी फाईल मिटली. माझ्याकडे बघितलंही नाही.

आठ अंश म्हणजे शंभर मैलांवर चौदा मैल बाजूला. एवढ्याने बेट दिसतच नाही. मग पुढे पाणी… फक्त पाणी.

शब्द तोंडातून सुटला की आपला राहत नाही, हे प्रवचनात शंभरदा ऐकलं होतं. माना डोलावल्या होत्या. कळलं नव्हतं.

आता रोज दुपारी मी खिसे रिकामे करून त्या विमानात बसतो. हेल्मेट घालतो, हात जोडतो आणि म्हणतो, शून्य नऊ शून्य.

काका म्हणतात, "होऊन गेलेलं बदलत नसतं रे."

नसेल. पण मोजणी अजून येते. आधी दहापर्यंत जायची.

काल… सहावर थांबली.

मी आकडा सांगितला. पुन्हा सांगितला. घसा बसेपर्यंत सांगत राहिलो.

'समजलं' असं कुणी म्हणालं नाही.