हिरवा आकडा

"माझी मुलगी माझ्यामुळे गेली का, एवढंच शोधून द्या," ती बाई उभ्याउभ्याच म्हणाली आणि भाऊजींच्या हातातला कप तिथेच थांबला.

वहिनींनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, घाई केली नाही. पंचवीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांची चौकशी केल्यावर आता त्या घरूनच अशी कामं घेत. टपाल खात्यातून निवृत्त झालेले त्यांचे धाकटे दीर सोबतीला असत, पिशवी धरायला, आणि वहिनींच्या शब्दांत, "चुकीचा संशय आधी घेऊन तो निकालात काढायला."

बाई शिवणकाम करणारी होती. मुलीला दमा होता. शाळेच्या फाटकावर हवेतल्या धुळीचा आकडा दाखवणारा फलक होता. पन्नासच्या आत हिरवा, शंभरच्या वर लाल. लाल असला तर मुलीने वर्गात बसायचं, हिरवा असला तर खेळायचं, असं मायलेकींचं ठरलेलं.

"त्या मंगळवारी एकोणचाळीस होता. तिच्या पंपात थोडेच फवारे उरले होते. म्हटलं, लाल दिवसाला होतील. फाटकातच दप्तरातून पंप काढून घेतला मी." तिने पदर मुठीत आवळला. "मधल्या सुट्टीत धावताना कोसळली. सासूबाई म्हणतात, आईनेच पोरीचा श्वास काढून घेतला. तो फलक खोटा होता, की मी चुकले?"

"किती दिवस झाले?"

"आज पंधरा."

ती गेल्यावर भाऊजी म्हणाले, "यात शोधायचं काय? शाळेला लागून भंगार वितळवायची भट्टी आहे. आकडा खाली ठेवण्यात फायदा तिचाच."

"मग तुमच्या संशयापासूनच सुरुवात करू," वहिनी म्हणाल्या.

भट्टीच्या आवारात धूर घशाला लागत होता. शाळेच्या वयाच्या पाच-सहा मुली जुन्या तारांवरचं रबर सोलत बसल्या होत्या. व्यवस्थापक तोंडाचा गोड होता.

"या मुली शाळेत नाहीत?" वहिनींनी विचारलं.

"पलीकडच्या वस्तीतली त्यांची शाळा गेल्या वर्षी हलवली ना. मोकळ्या होत्या, आल्या इथे."

"भट्टी किती वेळ चालते?"

"रात्रंदिवस, सातही दिवस. एकदा विझली की पुन्हा तापायला चार दिवस जातात, ताई."

"शाळेवरच्या यंत्राला तुमच्यापैकी कुणी हात लावला?" भाऊजींनी थेट घाव घातला.

व्यवस्थापक हसला. "काका, नियम वाचलाय का? शाळेच्या वेळेतला आकडा सलग तीन महिने लाल राहिला तर शाळा हलवायची. भट्टीचं प्रकरण वेगळ्या खात्याकडे, ते सात वर्षं चाललंय. शाळा गेली तर तक्रार करायला उरतं कोण? तो आकडा लाल झाला तर मी पेढे वाटीन."

बाहेर पडताना भाऊजी पुटपुटले, "निर्लज्ज माणूस."

"निर्लज्ज खरा. पण खोटं बोलला नाही."

शाळेच्या फाटकावर फलक हिरवा होता. बेचाळीस. तरी मैदान रिकामं. खिडक्या लावलेल्या, फटींत ओली फडकी खुपसलेली.

"शोक पाळतायत बिचारे," भाऊजी म्हणाले.

यंत्र गच्चीवर होतं, कुलूपबंद पिंजऱ्यात. हवा आत ओढणारी नळी तेवढी पिंजऱ्याबाहेर आली होती, तोंडाशी बशीएवढी रुंद. ती त्या दुपारी झाकलेली नव्हती; पायऱ्या चढताना वर कुणाची तरी पावलं वाजून पलीकडच्या जिन्याने उतरली होती, पण भाऊजी धापा टाकण्यात गुंतले होते. दोरीवर चार चौकोनी पांढरी फडकी वाळत होती. प्रत्येकाच्या मधोमध, धुऊनही न गेलेला काळा वाटोळा डाग.

"फळा पुसायची असतील," भाऊजी म्हणाले.

यंत्राची देखभाल करणारा तंत्रज्ञ बोलावल्याप्रमाणे आला. दर सोमवारी यायचं, तपासायचं, जायचं, एवढंच त्याचं काम. "बिघाड नाही. पिंजऱ्याची किल्ली माझ्याकडे. गच्चीची एक माझ्याकडे, एक शाळेच्या जुडग्यात."

वहिनींनी तासातासाची नोंद मागितली. त्याने डोकं खाजवत कागद पुढे केला. "हे कोण बघतं हो? वर सरासरी जाते."

सकाळी आठ ते चार, आकडे चाळिशीच्या आसपास. चारनंतर दीडशेच्या पुढे. रविवारी दिवसभर दीडशे. आणि मुलगी गेली त्याच्या आधीच्या आठवड्यात एका गुरुवारी, शाळा भरलेली असूनही, दिवसभर एकशे साठ.

"त्या गुरुवारी काय झालं होतं?"

"देव जाणे. यंत्र नीट होतं."

खाली शिपाई घंटेखाली स्टुलावर बसला होता. गुरुवारचं विचारताच त्याला आठवलं. "मोठ्या बाई शिक्षण कार्यालयात गेल्या होत्या. वर्षभरात तेवढी एकच गैरहजेरी त्यांची. नाहीतर माझ्याही आधी, आठला हजर. त्या दिवशी शाळा मीच उघडली. जुडगं सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला आला."

"आणि मैदान कधीपासून बंद?"

"पोरगी गेल्यापासून. मोठ्या बाई स्वतः खिडक्या लावत फिरतात. उकाड्याने मुली रडकुंडीला येतात, पण ऐकत नाहीत."

दुसऱ्या दिवशी चार वाजता, मुली घरी गेल्यावर, वहिनींनी मुलीच्या आईला मुख्याध्यापिकांच्या खोलीत बोलावून घेतलं. मोठ्या बाई साठीला टेकलेल्या, सुरकुतलेल्या, नीटनेटक्या. मुलीच्या आईला पाहताच त्या उठून उभ्या राहिल्या.

"बसा," वहिनी हळू म्हणाल्या. "भट्टी अखंड चालते. म्हणजे हवा शाळेच्या वेळेतच स्वच्छ व्हायचं कारण नाही. यंत्र चांगलं आहे. म्हणजे कुणीतरी आठ ते चार हवा गाळत होतं. नळी पिंजऱ्याबाहेर आहे. गच्चीची किल्ली पुरते. तंत्रज्ञ फक्त सोमवारी येतो, त्यामुळे रोजचं काम त्याचं नव्हे. शिपाई त्या गुरुवारी जुडग्यासकट इथेच होता, तरी आकडा खरा आला. गैरहजर एकच माणूस होतं."

भाऊजींनी मान वर केली. त्यांना अजून पटत नव्हतं. "वहिनी, पण हवा गाळणार कशाने?"

"नळीच्या तोंडावर बांधलेल्या फडक्यांनी, भाऊजी. गच्चीवर वाळत होती ती. फळ्यावरचा खडू पांढरा असतो. या डागांत काजळी आहे, आणि डाग त्या नळीच्या तोंडाएवढा आहे."

"आणि मैदान? तो तर शोक."

"शोकाला मैदान बंद करतात. खिडक्यांच्या फटी ओल्या फडक्यांनी कुणी बुजवत नाही. बाहेर हिरवा आकडा असताना हवेला घाबरणारं या शाळेत एकच माणूस आहे. कारण तो आकडा खोटा आहे हे त्यालाच ठाऊक आहे."

मोठ्या बाईंचा आवाज आला तो फार लांबून आल्यासारखा.

"पलीकडची शाळा हलवली तेव्हा साठ मुली होत्या. नव्या शाळेत पोचल्या एकोणीस. बाकीच्यांतल्या काही तुम्ही भट्टीत पाहिल्या असतील. माझ्या दोनशे आहेत." त्यांनी मुलीच्या आईकडे पाहिलं, पण नजर टिकली नाही. "वाटलं, भट्टीचा निकाल लागेपर्यंत आकडा लाल होऊ द्यायचा नाही. त्या फलकावर कुणाचा श्वास अवलंबून आहे, हे मला माहीत नव्हतं. तुम्ही दोघी फाटकात थांबून वाचायच्यात, ते मी रोज बघायचे. मला वाटायचं, तिला आकडे वाचायला आवडतात."

मुलीच्या आईने विचारलं, "त्या दिवशी खरा किती होता?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही," वहिनी म्हणाल्या. "खरा आकडा यंत्रापर्यंत पोचलाच नाही. पण तुम्ही जे वाचलंत ते बरोबर वाचलंत. तुम्ही चुकला नाहीत. सासूबाईंना मी स्वतः येऊन सांगेन."

आईने मान हलवली. सुटल्याचं सुख तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं.

"हे कळवलं तर शाळा जाईल," मोठ्या बाई म्हणाल्या. ती विनवणी नव्हती.

"माझी धाकटी दुसरीत आहे इथे," आई म्हणाली. "कळवा. तुमच्या हाताने लिहा. सगळं लिहा. भट्टीचं लिहा, नव्या शाळेत न पोचलेल्या त्या एक्केचाळीस जणींचं लिहा. आणि माझ्या मुलीचं."

मोठ्या बाईंनी कागद ओढला. त्या बराच वेळ लिहीत होत्या. भाऊजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना डोळे पुसताना कुणी पाहायला नको होतं.

आई टेबलाशी वाकून एकेक ओळ वाचत होती. एका जागी तिने बोट ठेवलं.

"अकरा वर्षांची नाही, बाई," ती म्हणाली. "दहा वर्षं दहा महिने."

मोठ्या बाईंनी तो शब्द खोडला आणि वर नीट, सुवाच्य अक्षरात, दहा वर्षं दहा महिने असं लिहिलं.