भरितात टोमॅटो

आमची पहिली भेट भांडणातच झाली... आणि तीही चारचौघांत नव्हे, चांगली चारशे जणांत!

साताऱ्याहून बदली होऊन जळगावला आले, त्याला तीन आठवडे झाले होते. बँक आणि खोली, खोली आणि बँक. मला काळं कुत्रंही विचारत नव्हतं. परत जाण्याचा अर्ज मी केव्हाच टाकून ठेवला होता. एका संध्याकाळी 'खान्देशी चूल' नावाच्या चर्चेच्या साइटवर शिरले आणि थेट विचारलं, "भरितात टोमॅटो किती घालू?"

झालं! मधमाश्यांच्या पोळ्यावरच दगड पडला. पाचोऱ्याच्या धुरपदाअक्कांनी लिहिलं, "भरीतमा टमाटा कोनी टाकस का, माय?" खाली हळहळणाऱ्यांची रांग. मी साइट बंद करणार, तेवढ्यात धुळ्याच्या सुकदेवचं उत्तर आलं. साइट तोच सांभाळायचा.

"नव्या माणसानं आधी 'ओळख' धाग्यावर नाव-गाव सांगायचं असतं. भांडण त्यानंतर."

"आणि आधीच भांडले तर?"

"तर... मला तुमच्या बाजूनं बोलावं लागेल."

खूप दिवसांनी मी एकटीच हसले.

मग रोजच बोलणं सुरू झालं. सगळं उघड्यावर, कारण पहिला महिना नव्यांना खाजगी निरोप बंद — नियम त्याचाच! तो वांगं कसं भाजायचं ते सांगायचा, मी चिडवायचे, आणि सगळे वाचत बसायचे. एकदा वैतागून (खरं सांगू? मुद्दामच) मी लिहिलं, "जमत नाहीये, फोन करा," आणि खाली नंबर टाकला. मिनिटाच्या आत त्यानं तो पुसला.

"उतरवून घेतलात?"

"नाही."

"का?"

"तो तुम्ही सगळ्यांना दिला होता. मला नाही."

मी फोन छातीशी धरून कितीतरी वेळ बसून राहिले. या माणसाच्या मी प्रेमात पडले होते, आणि त्याचा चेहराही मला ठाऊक नव्हता.

जानेवारीत एरंडोलजवळच्या एका शेतात सगळ्यांची भरीत पार्टी ठरली. नेमकं आदल्याच दिवशी साताऱ्याच्या बदलीचं पत्र हातात पडलं. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता.

शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी वांगी, मऊ ऊन, निळसर धूर... आणि त्या धुरातून तो आला. उंच, लाजरा, कपाळावर राख.

"नूतन?"

"टोमॅटो आणलेत," मी म्हणाले. तो हसला, आणि मी पाठ करून आणलेलं सगळं विसरले. बदलीचं मात्र सांगून टाकलं. वांगं फिरवणारा त्याचा हात थांबला.

"तुमचं गाव आहे... जायला हवं."

"हाही नियमच का?"

"नाही." तो जाळाकडेच बघत राहिला. "भीती आहे. तुम्ही लिहीत नाही त्या दिवशी मी दहादा उघडून बघतो. जाऊ नका, नूतन... मला तुम्ही आवडता. फार."

तेवढ्यात पलीकडून धुरपदाअक्कांची हाक आली, "पोरी, आते तू आमनी शे! ये, जेवाले बस!"

ताट समोर आलं आणि आईचा फोन वाजला. "कळवलास ना होकार? अगं, त्या जळगावात तुझं आहे तरी कोण?"

शेजारी सुकदेव घास हातात धरून थांबला होता.

"आहे, आई," मी म्हणाले.