बॅटरीचं वजन का वाढेना?

कालपासून बॅटरीचं वजन वाढलं नव्हतं, आणि त्यामुळे आडखोल गाव काळजीत होतं.

ही बातमी दिली मापारीने. मापारी हा बॅटरीघरातला यंत्रमानव. आधी तो मासळीबाजारात वजनं करायचा. तिथून बदली झाली तरी सवय गेली नाही. दिसेल ते तो उचलून तोलायचा. एकदा त्याने सरपंचांना तोललं आणि आकडा सांगून वर "बर्फासकट" अशी पुस्ती जोडली. सरपंच अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

गुरुवारी सकाळी अकरा वर्षांची केतकी मयेकर भिजत बॅटरीघराशी पोचली ती मात्र अंड्यांसाठी. तिच्या कोंबडीने बारा अंडी घातली, दोन दिवस उबवली आणि मग या कामातून अंग काढून घेतलं. तेव्हापासून केतकीने शाळेतून घरी आणलेल्या उबवणी यंत्रात ती सांभाळली होती. आज एकोणिसावा दिवस. पिल्लं बाहेर यायला दोनच दिवस राहिले होते, आणि आज यंत्राचा दिवा मिणमिणायला लागला होता.

गाव चालायचं सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळपठारावरच्या, सौर पट्ट्यांवर. पण रविवारपासून सूर्य फिरकलाच नव्हता, आणि बाहेरून येणारी तार खाडीत पडली होती. अशा वेळेसाठीच ही मोठी बॅटरी होती. तिच्यात आठवडाभराची वीज असते असं सगळे छातीठोकपणे सांगायचे. चौथ्याच दिवशी तिने हात टेकले होते.

मापारीने शांतपणे परिस्थिती सांगितली. छोटी लिथियमची बॅटरी दुपारी बारापर्यंत पुरेल. मग वीज यादीप्रमाणे मिळेल. आधी दवाखान्यातला लसींचा फ्रीज, मग पाण्याचा पंप. अंडी सतराव्या क्रमांकावर होती, पंचायतीच्या घड्याळाच्या खाली. ते घड्याळ तीन वर्षं बंद होतं.

"पण मोठीचं वजन वाढायला कशाला हवं?" केतकीने विचारलं. "बॅटरी आहे की म्हैस?"

उत्तर तिच्या आबांनी दिलं. आबा, म्हणजे तिचे आजोबा, या बॅटरीघराचे राखणदार. त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी बोटींच्या गोदीत गंज खरवडला होता. अजूनही खिशात खरवडणी असायची. दाराची कडी दिसली तरी त्यांचा हात शिवशिवायचा. आणि म्हातारपणी नशिबाने त्यांना नेमकी गंजावर चालणारी बॅटरी राखायला दिली.

"ही चाळीस कपाटं बघतेस ना? सगळ्यांत लोखंडाचा भुगा आणि खारं पाणी," ते म्हणाले. "वीज हवी असली की लोखंडाला गंजू द्यायचं. हवेतला ऑक्सिजन, म्हणजे प्राणवायू, लोखंडाला चिकटतो. चिकटताना लोखंडातून इलेक्ट्रॉन सुटतात."

इलेक्ट्रॉन (विजेचा प्रवाह ज्यांचा बनतो ते अतिसूक्ष्म कण) केतकीला शाळेत भेटले होते. साध्या खिळ्यातही ते सुटतात, पण तिथल्या तिथे सरकतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. बॅटरीत त्यांना तारेतून लांबचा वळसा घालायला लावतात, आणि वाटेत ते अख्ख्या गावाचे पंखे फिरवून जातात. ऊन पडलं की सगळं उलट. सौर वीज आत ढकलायची, ऑक्सिजन सुटून जातो आणि गंजाचं पुन्हा लोखंड होतं. म्हणजे ही बॅटरी ढगाळ दिवसांत गंजते आणि उन्हात बरी होते. चपळ मुळीच नाही, पण लोखंड मुबलक, त्यामुळे दिवसच्या दिवस पुरेल इतकी वीज साठवता येते.

"चिकटलेल्या ऑक्सिजनला वजन असतं," मापारीने भर घातली. "रोज प्रत्येक कपाट दोन किलो वाढतं. काल सकाळपासून वाढ शून्य. गिऱ्हाईक जेवत नाही."

केतकीने बोटांवर मोजलं. कपाटात लोखंड होतं, पाणी होतं. मग गंजायला नाही कोण म्हणत होतं?

तिने बॅटरीघराकडे नीट पाहिलं. ते दिसतच नव्हतं. दिसत होती ती निळी ताडपत्री, दुहेरी, चारी बाजूंनी, बोटीच्या गाठींनी करकचून आवळलेली. पावसाळ्यात आडखोलला सगळंच झाकतात, पण आबांचा हात कुणी धरू शकत नसे. त्यांनी घर झाकलं होतं, लाकडं झाकली होती, मोटारसायकल झाकली होती, आणि बकरीला बाह्या असलेला रेनकोट शिवला होता. काल सकाळी वारा फिरून झड भिंतींतल्या हवेच्या जाळ्यांतून आत यायला लागली, तेव्हा त्यांनी बॅटरीघर बांधून काढलं. मग घरी येऊन उबवणी यंत्रालाही प्लॅस्टिक गुंडाळलं होतं. केतकीने ते ओरबाडून काढलं होतं आणि आबांना बजावलं होतं, की अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, पिल्लू त्यातून श्वास घेतं, तुम्ही त्याला गुदमरवाल.

"आबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही बॅटरीला पण गुंडाळलंत."

आबांनी ताडपत्रीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "गंजू नये म्हणून गो," ते म्हणाले, आणि आपण काय बोललो ते ऐकून खाली बसले.

केतकी दाराकडे धावली तर मापारीने तिला उचलून बाजूला ठेवलं. एकतीस किलो, ओली. आतला ऑक्सिजन लोखंडाने संपवला असेल आणि माणसांनाही तोच लागतो, हे त्याने समजावलं. म्हणून सगळं बाहेरूनच केलं. गाठी काही सुटेनात. शेवटी आबांनी खिशातून खरवडणी काढली आणि स्वतःच्या हातच्या गाठी एकेक करून कापल्या. ताडपत्री पडली, वारा जाळ्यांतून आत घुसला. श्वास कुणाचा ऐकू आला नाही, पण तिघं थांबून ऐकत मात्र राहिली.

मग कपाटं तोलायला मापारी आत गेला. बाराला पाच कमी असताना आतून त्याचा आवाज आला. "वीस ग्रॅम."

थोड्या वेळाने, "साठ ग्रॅम."

आबांनी डोळे पुसले. दुसऱ्याचं वजन वाढल्याचा इतका आनंद आडखोलला कधीच कुणाला झाला नव्हता. यादी फाडून टाकण्यात आली. पंचायतीच्या घड्याळाने काही तक्रार केली नाही.

शनिवारी अकरा पिल्लं बाहेर आली. मापारी मुद्दाम आला, प्रत्येकाला तळहातावर घेऊन तोललं, आणि शेवटी म्हणाला, "अडतीस ग्रॅम. ताजी आहेत." बारावं रविवारी आलं, सूर्याबरोबरच. त्या दिवसापासून पिल्लं वाढत गेली आणि बॅटरीचं वजन उतरत गेलं. आत गंजाचं मुकाट्याने लोखंड होत होतं, पुढच्या ढगांसाठी.

आबांनी ताडपत्रीला आता खिडक्या कापल्या आहेत. झड अडते, वारा जातो. खाडीपलीकडच्या सड्यावर तसलंच बॅटरीघर उभं राहतंय. तिथल्या लोकांनी आबांना बोलावणं धाडलं, गंज कसा राखायचा ते शिकवायला.

होडीत बसायच्या आधी आबांनी खिसा चाचपला, खरवडणी काढली आणि केतकीच्या हातात दिली.

"ठेव घरी," ते म्हणाले. "उगाच हात जायचा माझा."