बंदा हाजिर

बसा. पंखा बंद आहे, पण गोष्ट थंडगार आहे.

एम. पी. नगरात वकिलांच्या जिन्याखाली माझं टायपिंगचं टेबल. शिक्षण सातवी नापास, पण ‘बंदी प्रत्यक्षीकरण’ डोळे मिटून टाइप करतो. म्हणजे काय, तर कोंडलेला माणूस कोर्टापुढे आणून उभा करा. मी त्याला ‘बंदा हाजिर’ म्हणतो. वकील चिडतात, मला बरं वाटतं.

मार्चात पिपलानीची वसुधा आली. तिचा भाऊ अजिंक्य शिक्षा संपून चार महिने झाले तरी आतच. कोर्टाची फी माफ व्हायला त्याचं शपथपत्र हवं, की माझ्याजवळ काहीही नाही. तुरुंगातून कागद परत आला, पण अंगठ्याची जागा कोरी.

“काका, वकीलसाहेब आजच जबलपूरला हायकोर्टात निघालेत.”

“मग रडतेस काय? माझ्याजवळही काही नाहीच,” म्हणालो आणि गंमत म्हणून माझाच अंगठा ठोकला. पोरगी हसली.

फी माफ झाली. हुकूमही झाला. दादा सुटला, पेढे खायला या, असा तिचा फोन आला.

दुपारी चारला गेलो. खिडक्या बंद. घरभर फिनेल आणि ओल्या घोंगडीचा वास. त्यांची आई मंगलाबाई पलंगावर बसलेल्या कुणाला तरी शिरा भरवत होत्या. तो वळला.

मी होतो, हो. हाच पडका दात, हीच कानामागची मस. जन्मभर भुताच्या गोष्टी सांगून लोकांना घाबरवलं मी, पण तेव्हा माझ्या तोंडून ‘अगं आई’ एवढंच निघालं… त्याच क्षणी त्याच्याही.

वसुधानं मला स्वयंपाकघरात ओढलं.

“बोलू नका, काका… दादा नाही तो, मला दिसतंय. पण आईनं ओळखलं त्याला. आज जेवली ती.”

“आणि अजिंक्य?”

“दुसरा अर्ज करा ना…”

वकील म्हणाले, एकदा सोडलेला माणूस पुन्हा कसा मागायचा?

शेवटी तुरुंगाच्या फाटकावर गेलो. तिथला शिपाई गोविंद माझ्या ओळखीचा. त्यानं रजिस्टर पाहिलं. अजिंक्य रिहा.

“म्हणजे आत नाही तो?”

गोविंदनं इकडेतिकडे बघितलं.

“कैद्यांची गिनती बरोबर भरते, बाबूजी. पण तो सुटल्यापासून जेवणानंतर एक थाळी जास्त उष्टी निघते… आम्ही वाढलेली नसते.”